नकाशातलं मागचं दार

माझ्या आईच्या हातचं जेवलेली पोरं आज अमेरिकेपासून सिंगापूरपर्यंत पसरली आहेत. हे मी कुणालाही, कुठेही, विचारलं नसताना सांगते. ऐकणारे कंटाळतात, तर कंटाळू देत. कॉलेजात समाजशास्त्र शिकवायला लागून मला आता बरीच वर्षं झाली, पण त्या विषयातलं जे काही मला खरोखर कळलं ते कर्वेनगरातल्या आमच्या तीन खोल्यांत, पेन्सिलीने काढलेल्या एका नकाशावर कळलं. तो नकाशा मी आधी चुकीचा काढला आणि मग जाणूनबुजून खोटा ठेवायला निघाले होते. हेही आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की ही बाई नुसत्या फुशारक्या मारते.

आम्ही मूळचे वर्ध्याकडचे, बौद्ध. बाबा तरुणपणी पुण्यात आले आणि एका कारखान्यात लागले. मी अकरावीत असताना त्या कारखान्यात नवी यंत्रं आली आणि बाबांना स्वेच्छानिवृत्तीचा कागद मिळाला. स्वेच्छा नक्की कुणाची, ते कागदावर लिहिलेलं नव्हतं. बाबा महिनाभर खिडकीशी बसून राहिले. आई बसणाऱ्यांतली नव्हती. आमच्या आजूबाजूला कॉलेजं, खोल्या घेऊन राहणारी पोरं, आणि त्यातली निम्मी नागपूर-अमरावतीकडची. "हे पोट्टे रोज वडापाव खाऊन राहिले का व?" असं म्हणत तिने समोरच्या खोलीतला पलंग बाहेर काढला, दोन लांब सतरंज्या अंथरल्या आणि बाबांच्या हातात खडू देऊन दाराजवळच्या फळ्यावर 'घरगुती जेवण' असं लिहून घेतलं. बाबांचं अक्षर सुरेख होतं. त्या दिवसापासून फळ्यावर रोजची भाजी लिहायचं काम त्यांच्याकडे आलं आणि त्यांचं खिडकीशी बसणं संपलं.

समोरच्या खोलीत दारातून शिरताच दिसेल अशी बुद्धांची तसबीर होती. शेजारच्या काकूंनी मायेने सुचवलं, "अहो, ती तेवढी आतल्या खोलीत लावा. मुलं बिचकतात, काय सांगावं." आई म्हणाली, "ज्याची तसबीर पाहून भूक मरते ना, त्याले भूक लागलीच नसन." काही पोरं खरंच पहिल्या दिवशी आडनाव विचारून गेली ती परत आली नाहीत. आईने त्यांचं नावही काढलं नाही. वांग्याची भाजी आणि डाळभाजी यांनी आपलं काम केलं, आणि वर्षभरात सतरंजी पुरेना झाली.

आईच्या या ताठपणाच्या मुळाशी एक गोष्ट होती. ती तिने आम्हाला शंभर वेळा सांगितली होती. ती सात वर्षांची असताना गावच्या मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरी लग्न होतं. आमच्या लोकांना सगळ्यांच्या शेवटी, मागे गोठ्याजवळ बसवलं. आजोबांनी विचारलं, इथे का? तर मालगुजाराचा दिवाणजी हसून म्हणाला, "तुमच्या लोकांना इकडंच मोकळं वाटतं." आजोबा उठले, आईचा हात धरला आणि पोरीला तशीच उपाशी घरी घेऊन आले. "त्या दिवशी ठरवलं," आई म्हणायची, "आपल्या दारात कोणी असं जेवणार नाही." ही गोष्ट ऐकली की आजही माझी मान वर होते.

मी कॉलेजात गेले तोवर जमाना बदलला होता. हिंजवडीत कंपन्या उघडल्या आणि आमच्या सतरंजीवर गळ्यात कार्ड अडकवलेली पोरं दिसू लागली. आई त्यांना कार्डवाले म्हणायची. तेही लाडाने. त्यातला एक सहा महिने अमेरिकेत राहून आला होता आणि जेवताना तिकडच्या कथा सांगायचा. "काकू, तिकडे आमचा मोठा साहेबसुद्धा हातात ट्रे घेऊन रांगेत उभा राहतो. इक्वॅलिटी म्हणजे काय ते तिकडे बघावं." आई त्याला पहिली गरम पोळी वाढत म्हणायची, "मोठे लोक हाय बाप्पा."

पहिल्या वर्षाला समाजशास्त्र शिकवायला ज्या मॅडम होत्या, त्या पेठेतल्या. सुती साडी, घट्ट आंबाडा आणि बोलणं पुणेरी, म्हणजे कमी आणि टोचणारं. आमच्या पुस्तकात दूरदूरच्या समाजांची वर्णनं होती. कुठल्या बेटावर मोठा माणूस मेजवानी देतो आणि स्वतः उपाशी बसतो, कुठे बायका सगळ्यांच्या मागून जेवतात, कुठे शिकार करणाऱ्याला स्वतःच्या शिकारीचा वाटा पाडायचा अधिकार नसतो. वर्ग खिदळला. मॅडम म्हणाल्या, "हसून झालं? आता आपलं बघू. माणसं एकत्र जेवतात अशी एक जागा निवडा. सात दिवस बसून बघा. कोण कुठून येतं, कुठे बसतं, आधी कुणाला वाढतात, कशात वाढतात. जागेचा नकाशा काढा आणि वर्गापुढे वाचून दाखवा. मत लिहू नका. तुमची मतं मला पाठ आहेत."

कुणी कँटीन निवडलं, कुणी लग्नाचा हॉल, कुणी स्वतःच्या घरचं डायनिंग टेबल. मी आमची खानावळ निवडली. मनात एकच होतं: दाखवतेच यांना. ही कोथरूडची पोरं पुस्तकातून समता पाठ करतात, आमच्याकडे ती रोज दोन वेळा सतरंजीवर बसते. फूटपट्टी घेऊन मी झकास नकाशा काढला. दोन रांगा, विद्यार्थ्यांचे निळे ठिपके, कार्डवाल्यांचे लाल. लाल ठिपक्यांना बऱ्याचदा आधी वाढलं जातं असं माझ्या लक्षात आलं, पण ते बिचारे दमून येतात, त्यात काय एवढं!

वाचनाच्या दहा-बारा दिवस आधी मॅडम सगळ्यांचे नकाशे तपासत होत्या. माझा त्यांनी बराच वेळ पाहिला.

"सुबक आहे. घराला मागचं दार नाही?"

"आहे ना, मॅडम."

"मग इथे का नाही?"

"तिकडे पंगत नसते."

"मग काय असतं?"

मी नकाशा उचलला आणि घरची वाट धरली.

आमच्या मागच्या दारापलीकडे एक मोठी इमारत उभी राहत होती. कार्डवाल्यांसारख्याच लोकांनी तिथले फ्लॅट आधीच घेऊन ठेवले होते. बांधकामावरचे गवंडी आणि बिगारी, सगळे मराठवाड्यातले, एके दिवशी मागच्या दाराशी येऊन विचारून गेले, "ताई, आमाला मिळंल का जेवान?" आईने लगेच हो म्हटलं. दार त्यांच्या बाजूचं, म्हणून ते तिथूनच यायचे आणि धुण्याच्या दगडाशी उकिडवे बसून जेवायचे. स्टीलची ताटं कमी पडली तेव्हा माळ्यावरची जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, जुनी ताटं त्यांच्यासाठी निघाली. ते संध्याकाळी सातलाच काम संपवून यायचे, पण समोरची खोली रिकामी होईपर्यंत थांबायचे. जेवण झालं की आपापलं ताट घासून दगडावर पालथं घालायचे. समोरच्या खोलीत कुणी ताट उचलतसुद्धा नव्हतं. पंधरा माणसं, वर्षभर, रोज. आणि सात दिवस वही घेऊन बसलेल्या मला त्यांच्यातला एकही दिसला नव्हता.

मला काय वाटलं असेल? लाज? छे! आधी सणसणून राग आला. आम्हाला दार दाखवणारी ही कोण? हिच्या आजीच्या घरी आम्हाला ओटीवर तरी येऊ दिलं असतं का? घरापर्यंत तणतणत गेले. आणि मग मला खरी भीती समोर दिसली. हा नकाशा वर्गापुढे वाचायचा होता. दार काढलं तर मागच्या बाकावरचे म्हणणार, बघा, यांच्यातसुद्धा तेच. त्यांना तेवढंच हवं असतं. ज्या आईने तसबीर हलवली नाही, तिचं नाक मी चारचौघांत माझ्या हाताने कापायचं? मरू देत ते मार्क. मी नकाशात मागच्या भिंतीवर एक बारीक रेघ मारली आणि बाजूला लिहिलं: 'दार वापरात नाही.'

दुपारी आई सांबार निवडत बसली होती. पुण्यात त्याला कोथिंबीर म्हणतात. नकाशा शेजारी पडला होता. आई सातवी शिकलेली, अक्षर लावून लावून वाचायची. वाचता वाचता तिचं बोट मागच्या भिंतीशी थांबलं.

"हे काय लिहून राहिली? वापरात नाही?"

"असू दे गं, आई."

"असू दे कसं? पंधरा माणसं जेवते तिथं. तुले दिसलं नाही?"

"दिसलं. म्हणूनच लिहिलं तसं." मग मी सगळं भडाभडा ओकले. मॅडमचा प्रश्न, वर्ग, वाचन. "ती पोरं हसतील आई. म्हणतील, यांच्या घरीसुद्धा तेच."

"तेच म्हंजे काय?"

मी सांबाराच्या काड्या गोळा करू लागले. तिने पुन्हा विचारलं, "तेच म्हंजे काय, बोल ना?"

"मालगुजाराच्या घरचं."

आईचा हात थांबला. असं काही मी तिला आयुष्यात बोलले नव्हते, आणि बोलून मोकळी झाल्यावर जीभ हासडून टाकावी असं वाटलं. आई तटकन म्हणाली, "मी त्याईले तेच अन्न देते. पोळी लहान देत नाही की भाजी पातळ देत नाही. आणि त्याईलेच तिकडं मोकळं वाट..."

वाक्य तिने पुरं केलं नाही. दिवाणजीचं वाक्य होतं ते. तिचं तिलाच ऐकू आलं.

ती उठली, मागचं दार उघडून उभी राहिली. दगडावर जर्मनची ताटं पालथी घातलेली होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. मला रडूच फुटलं. म्हटलं, "आई, मी दुसरी जागा निवडते. मॅडमना सांगते, कॉलेजचं कँटीन घेते." ती परत आली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "दे ती पेन्सिल."

माझी ओळ तिने खोडली. तिथे तिने स्वतः दार काढलं. माझ्या फूटपट्टीने मारलेल्या सरळ रेघांत ते एकटं वाकडं. मग दाराबाहेर पंधरा गोळे काढले, एकेकाचा चेहरा आठवत, तोंडाने मोजत.

"आता लिही. जर्मनचं ताट. शेवटी वाढते. ताट आपलं आपणच घासते."

"आई, नको ना."

"चूक माही, त लाज माही. तू कायले लपवून राहिली? मालगुजारानं काढला असता का असा नकाशा?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला तिने मागच्या दाराला आतून कडी घातली आणि पुढून हाका मारल्या. पंधरा जण अंगणात येऊन घुटमळले. त्यांच्यातला एक म्हातारा गवंडी होता, त्याला सगळे काका म्हणायचे. ते हात जोडून म्हणाले, "नगं ताई. पायाला सिमिट हाय. आमचं हितंच बरं हाय." आईने पुढच्या दारात पाण्याची बादली आणि तांब्या ठेवला. "धुवा पाय. सगळ्याईनच धुवायचे, कार्डवाल्याईनंबी. आणि आजपासून ज्याचा पाय आधी आत, त्याचं ताट आधी. जेवल्यावर ताट ज्याचं त्यानं धुवायचं." जर्मनची ताटं मोडीत गेली आणि त्या बदल्यात स्टीलची आली. बाबांनी फळ्यावर भाजीच्या खाली हे तीन नियम लिहिले, सुरेख अक्षरात.

पहिली संध्याकाळ. गवंडीकाका सतरंजीच्या अगदी कडेला, अंग चोरून बसले होते. आमचा अमेरिकावाला आला, पाय धुतले, बसला. "काकू, मला लगेच कॉल आहे हां, माझं ताट जरा आधी."

"त्या काकाईचं झालं की लगेच."

त्याने घड्याळ पाहिलं, उठला, "राहू द्या मग," म्हणाला आणि गेला. सहा महिने परक्या देशात हसत रांगेत उभा राहिलेला गडी आमच्याकडे तीन मिनिटं थांबू शकला नाही. त्याच्या पाठोपाठ आणखी पाच-सहा कार्डं गेली. आठवडाभर पोळ्या उरत होत्या. एकदा बाबा हळूच म्हणाले, "फळ्यावरचं पुसू का?" आईने उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा परतता परतता मान हलवली. नाही म्हणजे नाही. खानावळ बसली असती तर आमच्या घरात दुसरी कमाई नव्हती, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. राहिलेल्या पोरांनी मात्र कमाल केली. त्यांनी पाय धुतले, ताटं धुतली आणि वारज्याहून, कात्रजहून आपले दोस्त पकडून आणले.

वाचनाच्या दिवशी मी सगळं वाचलं. सात दिवसांत जे होतं ते, जसंच्या तसं. मागच्या बाकावरून आवाज आलाच, "म्हणजे तुमच्यातही हे आहेच की!"

इतके दिवस ज्याला घाबरले ते वाक्य आलं, आणि मला भीतीच वाटेना. नकाशा वर धरला. "होतं. हे दार बघ, वाकडं आहे ना? ते माझ्या आईने काढलंय, स्वतःच्या हाताने, आणि दुसऱ्या दिवशी बंद केलंय. तू तुझ्या घरचं टेबल काढलंस. तुमची भांडी घासणारी बाई चहा कुठे पिते, ते दाखव बरं तुझ्या नकाशात."

सगळा वर्ग आपापल्या कागदाकडे बघत बसला. मॅडम चष्मा काढून म्हणाल्या, "माझ्या घरच्या नकाशातही एक कप कमी पडेल. आमच्या बाईंसाठी खिडकीत वेगळा ठेवलेला." आणि मला म्हणाल्या, "तुझ्या आईंना विचार, शनिवारी संध्याकाळी मी जेवायला आले तर चालेल का."

चालेल का! आईने शुक्रवारपासूनच घर डोक्यावर घेतलं. कॉलेजच्या मॅडम आपल्या घरी जेवायला येणार, आणि त्याही पेठेतल्या. डाळभाजी, भरली वांगी, आलूची रस्सा भाजी, वर पुरणपोळी. चांगलं लुगडं नेसून ती सकाळपासून तीनदा दारात जाऊन आली.

मॅडम वेळेवर आल्या. बादली पाहिली, फळा वाचला, चपला काढून पाय धुतले आणि गवंडीकाकांच्या शेजारी सतरंजीवर मांडी घातली. काका आणि त्यांचे दोघे सोबती नुकतेच येऊन बसले होते. मॅडमच्या मागून विद्यार्थी आले, राहिलेले कार्डवाले आले. सगळ्यांना कळलं होतं, पाहुण्या कोण आहेत ते.

आत आईने पहिलं ताट भरलं. मी तिच्या कानाशी लागले, "आई, हे मॅडमना दे गं आधी. पाहुण्या आहेत, मोठ्या आहेत. आजच्या दिवस." तिने माझ्याकडे पाहिलं. तिलाही तेच द्यायचं होतं, मला दिसत होतं. सकाळपासून ती त्या एका ताटासाठी राबत होती.

ताट घेऊन ती बाहेर गेली. मॅडमच्या पुढून गेली आणि काकांसमोर ठेवलं.

काका गडबडून अर्धे उठले. "ताई, बाईंना द्या की आधी."

"बसा खाली," आई म्हणाली. मग मॅडमकडे वळली. आवाज तिने अगदी साधा ठेवला होता. "मॅडम, थांबा थोडं. तुमच्या आधी तिघं आले."

"थांबते ना," मॅडम म्हणाल्या. "जेवा हो काका निवांत. माझा नंबर चौथा आहे."

दुसरं ताट गेलं, तिसरं गेलं. खोलीत सगळे माना खाली घालून बसले होते. चौथं ताट आईने मॅडमपुढे ठेवलं आणि पदराने कपाळ पुसलं. मी आतल्या दारातून बघत होते. तिच्या मनात ते सकाळपासून पहिलं होतं, पण ताट चौथंच होतं.